डिजिटल कॅमोफ्लाज: चौकोन कशासाठी, आणि कापड नेमकं फसतं कुठे?

धागाकर्ता: ताणाबाणा

१५ जानेवारी २०२२ च्या सेना दिन संचलनात पॅराशूट रेजिमेंटच्या तुकडीने भारतीय सेनेची नवी लढाऊ वर्दी पहिल्यांदा लोकांसमोर आणली. तेव्हापासून तिच्यावरच्या चौकोनी ठिपक्यांच्या, माणसाला लपवणाऱ्या नक्षीबद्दल (डिजिटल कॅमोफ्लाज) दोन समज पक्के झालेत. एक, ती कंप्युटरवर काढली म्हणून डिजिटल. दोन, ती डिजिटल प्रिंटरवर छापतात म्हणून डिजिटल. दुसरा तर सरळ चूक आहे. लाखो मीटर लष्करी कापड जगभर रोटरी स्क्रीनवरच छापलं जातं, प्रत्येक रंगाला एक जाळीचा नळा. 'डिजिटल' हे फक्त चौकोनी ठिपक्यांच्या दिसण्याला पडलेलं नाव आहे.

इतिहास थोडक्यात. १९७६ मध्ये अमेरिकेच्या लष्करातले टिमोथी ओनील यांनी एका जुन्या एम-११३ चिलखती गाडीवर दोन इंची रोलरने चौकोन रंगवले. त्या पद्धतीला नाव पडलं ड्युअल-टेक्स. म्हणजे एकाच नक्षीत दोन पोत: लांबून दिसणारे मोठे डाग आणि जवळून दिसणारा बारीक पोत. कॅनडाने हे कापडावर आणलं (कॅडपॅट, १९९७ पासून, आधी हेल्मेटच्या खोळी), मग अमेरिकी मरीन कोअरने २००१ च्या सुमारास मारपॅट केलं आणि २००४ मध्ये त्याचं पेटंटही मिळवलं. त्या नक्षीत मरीनचं गरुड-गोल-नांगर हे चिन्ह बारीक लपवलेलं आहे, नकली माल ओळखायला.

आपल्याकडची नक्षी दिल्लीच्या निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेने सेनेसोबत केली. १५ नक्षी, ४ रचना आणि ८ प्रकारची कापडं चाळून एक ठरली. ७० टक्के सुती, ३० टक्के पॉलिएस्टर, रंग ऑलिव्ह आणि मातकट, मापं १३, सदरा बाहेर सोडायचा.

चर्चा कापड आणि नक्षीवरच ठेवू या. कोणाची वर्दी जास्त रुबाबदार, यासाठी दुसरे धागे आहेत.

प्रतिसाद: कोनमापक

चौकोन कशासाठी, याचं उत्तर एका त्रैराशिकात आहे. निरोगी डोळा साधारण १ कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतकं वेगळं ओळखतो. अंतराला ०.०००२९ ने गुणा.

१० मीटरवर २.९ मिलीमीटर. ५० मीटरवर दीड सेंटीमीटर. १०० मीटरवर २.९ सेंटीमीटर. ३०० मीटरवर ८.७ सेंटीमीटर.

म्हणजे अडीच मिलीमीटरचा चौकोन साडेआठ मीटरनंतर डोळ्याला चौकोन म्हणून दिसतच नाही, शेजारच्या रंगात मिसळून जातो. ज्या चौकोनांवर इतके वाद झडतात ते शत्रूला हस्तांदोलनाच्या अंतराशिवाय दिसत नाहीत! त्यांचं खरं काम मोठ्या डागाची कड विस्कटणं. तपकिरी डाग हिरव्याला भिडतो तिथे तपकिरी ठिपके हिरव्यात आणि हिरवे तपकिरीत सांडलेले असतात, त्यामुळे २०-३० मीटरवर कड अशी उरत नाही.

३०० मीटरवर मात्र काम करतात ते फक्त ९ सेंटीमीटरहून मोठे डाग. ते नसतील तर सगळी वर्दी एकरंगी. आणि समोरच्याकडे ४ पट दुर्बीण असेल तर ३०० मीटर म्हणजे त्याचे ७५ मीटर, तिथे सव्वादोन सेंटीमीटरचा तपशीलही दिसतो. म्हणून दोन पोत पुरत नाहीत. मधला, ३ ते ८ सेंटीमीटरचा थरही लागतो.

प्रतिसाद: तिरपीरेघ

वरच्या गणिताचं जितंजागतं उदाहरण म्हणजे अमेरिकी लष्कराची यूसीपी (युनिव्हर्सल कॅमोफ्लाज पॅटर्न) ही नक्षी, २००४-०५ मध्ये आलेली. वाळू, करडा आणि करडट हिरवा असे तीन रंग, काळा किंवा गडद तपकिरी अजिबात नाही. वाळवंट, जंगल, शहर सगळीकडे एकच चालावी म्हणून सगळ्यांचा मध्य काढला. तिन्ही रंगांची उजळता इतकी जवळजवळ की थोड्या अंतरावर सगळं मिळून एक फिकट राखाडी आकृती. झाडीत तर लगेच उठून दिसायची. चौकोन होते, मोठे डाग नव्हते, उजळतेत फरक नव्हता. अफगाणिस्तानात २०१० पासून मल्टिकॅम ही दुसरी नक्षी द्यावी लागली, २०१५ पासून ओसीपी ही नवी नक्षी आली आणि ३० सप्टेंबर २०१९ नंतर यूसीपी कायमची बंद. ओसीपीत एकही चौकोन नाही, हे विशेष.

दुसरं उदाहरण त्याहून कडू. अफगाण राष्ट्रीय सेनेला जंगलाची डिजिटल नक्षी दिली गेली, खासगी कंपनीच्या मालकीची. त्या देशात जंगल २.१ टक्के! अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला: २.८ कोटी डॉलरपर्यंत जास्तीचा खर्च. नक्षी निवडली ती दिसायला आवडली म्हणून.

प्रतिसाद: शंकासुर

मग आपल्याकडेही थरचं वाळवंट ते अरुणाचल एकच नक्षी, ही यूसीपीचीच चूक नाही का?

प्रतिसाद: तिरपीरेघ

@शंकासुर, अर्धी हो. एकच नक्षी सगळीकडे उत्तम चालणं शक्यच नाही. बर्फासाठी पांढरं वेगळं लागतंच. पण यूसीपी बुडाली ती एकच होती म्हणून नव्हे, तिच्यात गडद-फिकट फरक नव्हता म्हणून. रंग थोडा चुकला तरी चालतो, उजळतेतला फरक चुकला की संपलं. फोटो कृष्णधवल करून बघा: नक्षी तरीही तुटक दिसली तर ठीक, गुळगुळीत करडी झाली तर फसली. आपल्या नक्षीत गडद ऑलिव्ह आणि फिकट माती यांत फरक राखला आहे. थरच्या वाळूत ती गडद पडेल, हेही तितकंच खरं.

प्रतिसाद: पिक्सेलपंत

नक्षी बनते कशी, याचे टप्पे देतो. साधा संगणक, गिंप (चित्रं सुधारायचं सॉफ्टवेअर) आणि थोडं पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) पुरेसं आहे.

आधी फोटो. एका भूप्रदेशाचे किमान २०-३०, सकाळ-दुपार-संध्याकाळ, पाऊस संपल्यावर आणि उन्हाळ्यात वेगळे. प्रत्येक फोटोत करडं कार्ड हवं, नाहीतर कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्सचा रंग तुम्ही जंगलाचा समजाल. फोटो रॉ मध्ये (कॅमेऱ्याने फेरफार न केलेली मूळ फाइल) काढा. आकाश आणि चमकणारं पाणी पुसून टाका, मगच रंगांचे गट पाडा. हे विसरलं की चारपैकी एक रंग फिकट निळा येतो आणि माणूस दोन दिवस कोड तपासत बसतो. गट पाडताना आरजीबी (लाल-हिरवा-निळा) नको, लॅब (L*a*b*) ही रंगपद्धत वापरा. तिथलं अंतर डोळ्याला जाणवणाऱ्या फरकाच्या जवळ असतं. चार किंवा पाच गट. प्रत्येक रंगाने किती टक्के जागा व्यापली तेही नोंदवा.

मग नॉइजचे, म्हणजे संगणकाने काढलेल्या अनियमित डागांचे, तीन थर: सुमारे ३२ सेंटीमीटर, ८ सेंटीमीटर आणि १ सेंटीमीटर लांबीचे. मोठ्याला वजन जास्त, लहानाला कमी. मोठा थर आडवा ताणा, रुंदी उंचीच्या दीडपट ते दुप्पट. माणूस उभा आकार आहे, त्याला आडवे डागच तोडतात. उभे डाग पायांना आणि हातांना समांतर जातात आणि आकृती उलट ठळक होते.

तिन्ही थर एकत्र करून टक्केवारीनुसार रंगांच्या पातळ्या कापा. जंगलात गडद हिरवा ३५ टक्के मोजला असेल तर तळातले ३५ टक्के त्याला. त्यानंतर चित्र चौकोनांच्या जाळीवर उतरवा, मधले रंग तयार होऊ न देता. एकटे पडलेले चौकोन काढून टाका; छपाईत ते नीट उतरत नाहीत आणि लांबून त्यांचा उपयोगही शून्य.

शेवटी परीक्षा. चित्र ५०, १०० आणि ३०० मीटरच्या हिशेबाने धूसर करा. तिन्ही ठिकाणी काहीतरी नक्षी उरली पाहिजे.

प्रतिसाद: रंगारी_इचलकरंजी

पंत, चौकोनांची जाळी किती मिलीमीटरची घेतलीत? बहुतेक नक्षी इथेच आपटतात.

रोटरी स्क्रीनचा नेहमीचा घेर ६४० मिलीमीटर. नक्षी लांबीत दर ६४० ला (किंवा त्याच्या पूर्ण भागाला) स्वतःशी जुळलीच पाहिजे. अडीच मिलीमीटरचा चौकोन घेतला तर बरोबर २५६ बसतात. २ मिलीमीटरचे ३२०. तीनचा घेतलात तर २१३ बसून १ मिलीमीटर उरतो आणि दर ६४ सेंटीमीटरला कापडावर आडवी शिवण पडल्यासारखी रेघ येते. स्क्रीनवर दिसत नाही, तागा टेबलावर उलगडला की दिसते. रुंदीतही तेच: छापायची रुंदी १४७ सेंटीमीटर धरली तर नक्षी ७३५ मिलीमीटरची करून दोनदा लावा, ती २९४ चौकोनांची होते.

चौकोन किती लहान चालेल? छपाईच्या नळ्याच्या १२५ मेशच्या (इंचाला १२५ छिद्रं) जाळीत दोन छिद्रांतलं अंतर सुमारे ०.२ मिलीमीटर. २ मिलीमीटरच्या बाजूत दहा छिद्रं, कोपरा कोपरा राहतो. १ मिलीमीटरमध्ये पाचच, त्यात रंगाची पेस्ट पसरते आणि चौकोनाचा गोल ठिपका होतो. पेस्ट पातळ असेल तर अजून लवकर.

रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांशी जुळणी. चार रंगांचे चार नळे एकमेकांशी जुळले नाहीत तर रंगांच्या मध्ये पांढऱ्या फटी पडतात. या नक्षीत फुलांच्या छपाईपेक्षा जास्त दिसतात, कारण सगळ्या कडा सरळ आहेत. इलाज दोन: सर्वांत फिकट रंग आधी पूर्ण कापडावर द्यायचा, म्हणजे फट पडली तरी ती मातकट, आणि गडद रंग फिकटावर ०.२ ते ०.३ मिलीमीटर चढवायचा. जास्त चढवलात तर गडदाची टक्केवारी वाढून सगळी नक्षी काळवंडते. बारीक चौकोनांत कडांची एकूण लांबी प्रचंड असते, हे लक्षात ठेवा.

आणि बाणा (कापडाचा आडवा धागा) सरळ हवा. बाणा तिरका गेलेलं कापड छापलं आणि मागाहून स्टेंटरवर (कापड ताणून सुकवायचं यंत्र) सरळ केलं, तर कापड सरळ आणि चौकोन समांतरभुज. फुलं असती तर खपून गेलं असतं.

प्रतिसाद: शंकासुर

रंग कोणता वापरतात? रिअ‍ॅक्टिव्ह स्वस्त आणि सोपा. सुतीवर पक्काही बसतो. मग लष्करी कापडाला व्हॅट जातीच्या रंगांचा आग्रह का?

प्रतिसाद: रंगारी_इचलकरंजी

कारण रात्रीची दुर्बीण. प्रकाश वाढवणाऱ्या रात्रदर्शी यंत्राला साधारण ९०० नॅनोमीटरपर्यंतचं दिसतं, आपल्याला ७०० च्या आसपास संपतं. हिरवं पान ६८० नॅनोमीटरला जेमतेम ५-१० टक्के प्रकाश परत पाठवतं आणि ७८० पर्यंत एकदम ४०-५० टक्क्यांवर उडी मारतं. कापडाच्या हिरव्याने ही उडी साधारण तशीच मारावी, तपकिरीने मातीसारखं हळूहळू चढावं, काळ्याने खाली राहावं.

नेहमीचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग ७५० च्या पुढे जवळपास पारदर्शक. मग उरतं कोरं सुती कापड, म्हणजे ६०-७० टक्के परावर्तन, सगळ्या रंगांचं सारखंच. दिवसा चार रंगांची नक्षी, रात्री दुर्बिणीत पांढरा पायजमा. व्हॅटमधल्या निवडक रंगांचं शोषण अवरक्तात, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या ७०० च्या पुढच्या प्रकाशात, पुढपर्यंत जातं, म्हणून ते. शिवाय धुणं, ऊन, घाम यांत ते टिकतात.

मिश्र कापडाची डोकेदुखी वेगळी. व्हॅट सुतीवर बसतो, पॉलिएस्टरला डिस्पर्स जातीचा रंग लागतो, आणि डिस्पर्स अवरक्तात पुन्हा पारदर्शक. ३० टक्के पॉलिएस्टर म्हणजे तितका भाग रात्री चमकणार. त्यावर पेस्टमध्ये अगदी थोडा कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) घालतात. पण तो बाइंडरवर, म्हणजे चिकटवणाऱ्या थरावर, बसतो, धुण्यात हळूहळू जातो आणि दिवसाचा रंगही मळका करतो. पक्कं काम हवं तर पॉलिएस्टरचा धागा ओढतानाच वितळलेल्या पॉलिमरमध्ये कार्बन घालावा लागतो.

क्रम असा: कोऱ्या कापडावरचे सुटे तंतू जाळून, धुवून, ब्लीच करून मर्सराइझ (ताणून कॉस्टिक सोड्यातून काढणं). छपाई, सुकवणं. २०० ते २१० अंशांवर मिनिटभर, डिस्पर्स पॉलिएस्टरमध्ये शिरतो. मग कॉस्टिक आणि हायड्रोच्या (सोडियम हायड्रोसल्फाइट) द्रावणातून पिळून लगेच ११५ ते १३० अंशांच्या वाफेत अर्धा-पाऊण मिनिट, व्हॅट विरघळून सुतात शिरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडेशन. शेवटी ९५ अंशांवर साबण.

बिघडतं कुठे? हायड्रो हवेत मरतं. द्रावण तासभर उघडं राहिलं किंवा स्टीमरमध्ये हवा शिरली की व्हॅट अर्धवट विरघळतो आणि ताग्यात फिकट पट्टे पडतात. ऑक्सिडेशन अपुरं राहिलं तर शेड वेगळी. साबण वाचवला तर दोन तोटे: घासल्यावर रंग सुटतो, आणि खरी शेड येतच नाही, कारण व्हॅटचे कण उकळत्या साबणातच नीट जुळून बसतात. आणि ताग्याची शेड उन्हात बघून पास करू नका. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (परावर्तन मोजायचं यंत्र) ६०० ते १००० नॅनोमीटरचा आलेख काढा. दिवसा जुळणारे दोन लॉट रात्री वेगळे निघतात.

प्रतिसाद: ताणाबाणा

पांढरा पायजमा! हा प्रतिसाद कुठेतरी जपून ठेवायला हवा.

प्रतिसाद: कातरकाम

शिवणकामाच्या बाजूचं. नक्षी कितीही चांगली असो, कापताना ती मारता येते.

एका वर्दीतले सगळे तुकडे एकाच लॉटचे हवेत. अंगाचा तुकडा एका लॉटचा आणि बाही दुसऱ्याची असेल तर खांद्यावर रेघ येते, आणि खांदा-मान हीच तर माणसाची ओळख. म्हणून कापण्यासाठी कापडाचे थर एकावर एक टाकण्याआधी तागे शेडप्रमाणे वेगळे करतात आणि थरागणिक तुकड्यांना आकडे चिकटवतात.

खिसा नक्षीशी जुळवायचा का? साध्या चौकटीच्या सदऱ्यात जुळवतात. इथे कापड आणि वेळ दोन्ही वाया जातात. डाग तुटला तर उलट बरंच. मात्र डावी-उजवी बाजू आरशासारखी सारखी येऊ देऊ नका. मोठा डाग दोन्ही छातींवर एकाच उंचीला आला की लांबून आधी तोच दिसतो. सगळे तुकडे एकाच दिशेने ठेवा, काटकसर म्हणून पँटचा एक पाय आडवा कापू नका. आडवे डाग त्या पायावर उभे होतील.

आणि मूळ प्रश्न वेगळाच आहे. लढताना छाती-पाठीवर बुलेटप्रूफ जॅकेट, त्यावर पाऊच, डोक्यावर हेल्मेट. वर्दीचं दिसतं काय? बाह्या आणि पाय. जॅकेटची आणि हेल्मेटची खोळ त्याच नक्षीत आणि त्याच अवरक्त मोजमापात नसेल तर सगळी मेहनत मांड्यांवर. कॅनडाने सुरुवात हेल्मेटच्या खोळीपासून केली, यात शहाणपण होतं. शिवाय झिप, बटणं, वेल्क्रो, नायलॉनचे पट्टे आणि शिवणीचा दोराही तपासा. साधा पॉलिएस्टर दोरा रात्री प्रत्येक शिवण पांढऱ्या खडूने आखून देतो.

प्रतिसाद: कोनमापक

चाचणीबद्दल कोणी लिहिलं नाही. दोन प्रकार: पडद्यावर आणि रानात. पडद्यावर, रंग जुळवलेल्या मॉनिटरवर फोटो दाखवून माणूस सापडायला किती सेकंद लागले ते मोजतात. निरीक्षकांची रंगदृष्टी आधी इशिहारा तक्त्यांवर तपासायची. एका निरीक्षकाला एक दृश्य एकदाच. दुसऱ्यांदा तो नक्षी नाही, जागा आठवतो. रानात, निरीक्षक लांबून चालत येतो आणि दिसलं की थांबतो, ते अंतर नोंदवायचं. दोन्हीत एक जुनी एकरंगी वर्दी तुलनेला ठेवाच. तिच्यावर फारशी मात होत नसेल तर खर्च कशाला?

आणि हे सगळं स्थिर माणसासाठी. हलला की कुठलीही नक्षी वाचवत नाही.

प्रतिसाद: कायदेपंडित_नाही

मालकीचं सांगतो. आपल्या नक्षीची आणि वर्दीची नोंदणी कोलकात्याच्या पेटंट-डिझाइन कार्यालयात डिझाइन म्हणून झाली, २१ ऑक्टोबर २०२२ च्या जर्नलमध्ये (४२/२०२२) प्रसिद्ध आहे. मुदत १० वर्षं, पुढे ५ वाढवता येतात. हे पेटंट नव्हे. वृत्तपत्रांनी दोन्ही एक केलं. डिझाइन कायदा, २००० नुसार अर्जाच्या तारखेआधी रचना उघड झालेली चालत नाही, म्हणून कोणीही अशी नक्षी करत असेल तर आधी अर्ज, मग प्रदर्शन. नक्कल केल्यास एका उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत, एका डिझाइनपुरते जास्तीत जास्त ५०,०००. रक्कम किरकोळ वाटेल, खरा धाक न्यायालयाच्या मनाई हुकमाचा.

सुरुवातीचे ५०,००० संच १५ सीएसडी (सैनिकांच्या कँटीन) डेपोंतून दिले गेले, त्यांत मुंबई आणि खडकी आहेत. पुढे ११.७० लाख संचांची खरेदी ठरली, एका संचाचं आयुष्य १५ महिने धरून. बाजारात ही वर्दी विकायला परवानगी नाही. आणि सैनिक असल्याचं भासवायला तसा पोशाख घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १६८: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

प्रतिसाद: शंकासुर

शेवटचा प्रश्न. १५ महिने धुताना काय टाळायचं?

प्रतिसाद: रंगारी_इचलकरंजी

चार गोष्टी. नीळ आणि 'शुभ्रतेची चमक' देणारी पावडर नको. तिच्यातला ब्राइटनर अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश सोडतो, आणि संधिप्रकाशात, म्हणजे लपायची सर्वांत गरज असते तेव्हाच, कापड भोवतालापेक्षा उजळ दिसतं. ब्लीच नको. कांजी नको, तिने पृष्ठभाग गुळगुळीत होऊन चकाकतो. कडक इस्त्री नको: पॉलिएस्टर चपटं होऊन चमकतं, आणि पायावरची धारदार घडी म्हणजे आम्ही इतक्या खटपटीने मोडलेली उभी रेघ पुन्हा काढून देणं. साधा ब्राइटनर नसलेला साबण, थंड किंवा कोमट पाणी, उलटी करून सावलीत वाळवणं.

प्रतिसाद: पिक्सेलपंत

@रंगारी, जाळी ३ मिलीमीटरची होती. २.५ ने नव्याने काढतोय, २९४ × २५६.

प्रतिसाद: रंगारी_इचलकरंजी

काढा. आणि चारी कडा गुंडाळून जुळतात का ते फाइलमध्येच बघा: चित्र अर्ध्या रुंदीने आणि अर्ध्या उंचीने सरकवा, मध्ये अधिकची खूण दिसली तर नॉइज जुळणारा नाही.